वटवाघूळ, पोस्टमन आणि शनीचा चंद्र

आमच्या साताऱ्याच्या घराची पश्चिमेकडची भिंत दर पावसाळ्यात ओल धरते. ओल वाळली की पोपडे सुटतात, आणि गणपतीपासून दिवाळीपर्यंत त्या भिंतीवर एक अख्खे प्राणिसंग्रहालय नांदत असते. दिवाळीच्या आधी रंगारी आला की ते नाहीसे होते. लहानपणी आजारी पडलो की माझे अंथरूण त्याच भिंतीकडे घालीत. तिथे पडल्या पडल्या मी पगडी घातलेला उंट पाहिला आहे, तीन नाकांची म्हातारी पाहिली आहे. कौतुकाने आईला दाखवावे, तर ती कपाळाला हात लावून म्हणे, "ताप उतरलेला दिसत नाही अजून."

पुढे कधीतरी वाचनात आले की या तापाला मोठी थोर परंपरा आहे. लिओनार्दो दा विंची आपल्या शिष्यांना हेच सांगत असे. डागाळलेल्या भिंतीकडे, राखेकडे, ढगांकडे टक लावून पाहा. तुम्हांला त्यांत डोंगर दिसतील, लढाया दिसतील, विचित्र चेहरे दिसतील. भिंतीने नुसती सुरुवात करून द्यायची, बाकीचे माणसाने पाहायचे. हे वाचले तेव्हा आई हयात नव्हती, नाहीतर लिओनार्दोची साक्ष काढली असती.

हे सारे पुन्हा आठवण्याचे कारण माझा भाचा. गेल्या दिवाळीच्या सुटीत ताई त्याला घेऊन आमच्याकडे आली होती. मुलगा नववीतला, हातात पेन्सिल घेऊनच जन्माला आला म्हणावे असा. वह्यांच्या समासांत राक्षस, बसच्या तिकिटांच्या मागे अंतराळयाने. या खेपेला मात्र चार दिवस झाले तरी स्वारीने कागदाला हात लावला नव्हता. सोप्यावर बसून नुसता मोबाइलवर बोट फिरवीत होता. मी ताईला विचारले. ती स्वयंपाकघरात चकल्या तळत होती. झारा थांबवून हलक्या आवाजात म्हणाली, "त्याला काही विचारू नकोस. पाच महिने झाले, पेन्सिलीचा डबा उघडला नाही त्यानं."

घडले होते ते असे. कुठल्याशा चित्रकला स्पर्धेला त्याने घरून एक चित्र करून पाठवले होते. पंखांचा घोडा नि त्यावर चिलखत घातलेली मुलगी. चित्र निवडले गेले, आणि बक्षीस घ्यायला गेला तेव्हा एका परीक्षकांनी चारचौघांत विचारले, "खरं सांग, कुठल्या यंत्राकडून काढून घेतलंस?" आजकाल शब्द सांगावेत आणि यंत्राने चित्र काढून द्यावे अशी सोय झाली आहे, हे आपण जाणताच. मुलगा रडला नाही, भांडला नाही. बक्षीस दुसऱ्याला गेले. हा घरी आला आणि डबा मिटून बसला.

मी मराठीचा मास्तर. चित्रकलेत माझी मजल शाळेतल्या एलिमेंटरी परीक्षेपर्यंत, आणि तिथेही स्मरणचित्रातली माझी बैलगाडी बैलांशिवाय उभी राहिली होती. पण शब्दांचे म्हणाल तर माझ्यापाशी पोत्याने आहेत. त्या रात्री मी सुपारीचा एक रिकामा पत्र्याचा डबा घेतला, वर्गातल्या जुन्या पेपरांचे पाठकोरे कागद कापून चिठ्ठ्या केल्या, आणि घरातल्या सगळ्यांना कामाला लावले. प्रत्येकाने तीन चिठ्ठ्या लिहायच्या. एकीवर एखादा प्राणी किंवा वस्तू. दुसरीवर एखादा धंदा. तिसरीवर एखादे ठिकाण. घड्या सारख्या घालायच्या. राजा, राणी, चोर, शिपाई खेळताना घालतात तशा. शेजारचे भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक सहज डोकावले होते, त्यांच्याकडूनही तीन चिठ्ठ्या वसूल केल्या.

"हे कशाला?" भाच्याने मोबाइलवरून मान न उचलता विचारले.

"चिठ्ठी तू उचलायचीस. त्यावर काय असेल ते तुलाही ठाऊक नाही, मलाही नाही, तुझ्या त्या परीक्षकांनाही नाही. सगळ्यांदेखत इथंच बसून काढायचं."

'परीक्षक' हा शब्द मी मुद्दाम टाकला होता. त्याने मोबाइल उपडा ठेवला.

वाचकांपैकी जे चित्रकार आहेत ते म्हणतील, यात नवल ते काय? नाहीच. दरवर्षी ऑक्टोबरात जगभरातली चित्रकार मंडळी 31 दिवसांना 31 शब्द घेऊन शाईची चित्रे काढतात. 2009 मध्ये जेक पार्कर नावाच्या अमेरिकन चित्रकाराने स्वतःचा हात सुधारावा म्हणून हा नेम सुरू केला होता. त्याचा आता सण झाला आहे. त्याहीपूर्वी, 1925 च्या सुमारास, पॅरिसमध्ये आंद्रे ब्रेतों आणि त्याची सरिअलिस्ट मित्रमंडळी कागदाच्या घड्या घालून एक खेळ खेळत. पहिल्याने डोके काढून घडी घालायची, दुसऱ्याने न पाहता धड काढायचे, तिसऱ्याने पाय. घड्या उलगडल्या की जे बाहेर पडे त्याला आईबापही ओळखणार नाहीत! खेळाचे नाव मोठे अमंगळ होते, 'उत्कृष्ट प्रेत'. ते दिवाळी अंकात फार वेळा घेत नाही.

पण मला विचाराल तर हा खेळ आपल्याकडे फार जुना आहे. फक्त तो रेषांत नव्हता, शब्दांत होता. समस्यापूर्ती म्हणजे दुसरे काय? राजाने एक विक्षिप्त चरण फेकायचा आणि कवीने त्याला बाकीचा श्लोक जोडून तो शहाणा करून दाखवायचा. भोजराजाच्या दरबारातली ती दंतकथा प्रसिद्धच आहे. समस्येत अर्थाचा एकही शब्द नव्हता, नुसता ठणठणाट होता. आणि कवीने त्यातून पायऱ्यांवरून गडगडत जाणारी घागर आणि ती जिच्या हातून निसटली ती तरुणी उभी केली. आवाज आंधळा होता, कवीने त्याला जिना दिला. यात कवीवर चोरीचा आळ कोण घेणार? समस्या त्याच्या हातातली नव्हती, हेच त्याचे प्रमाणपत्र.

असो. भाच्याने डब्यात हात घातला. पहिली चिठ्ठी निघाली, 'वटवाघूळ'. दुसरी, 'पोस्टमन'. तिसरी चिठ्ठी आज नको, असे मीच ठरवले. पहिल्या घासालाच खडा नको.

वीस मिनिटांत त्याने चित्र काढले. हात बसलेला होता, प्रश्नच नाही. खाकी कपड्यांतला एक पोस्टमन, खांद्याला झोळी, पाठीला वटवाघळाचे दोन पंख, टोपीतून वर आलेले दोन टोकदार कान. सगळ्यांनी वाहवा केली. तो मात्र चित्राकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "मामा, हा फॅन्सी ड्रेसमधला माणूस वाटतो."

त्याने बरोबर दुखण्यावर बोट ठेवले होते. मला त्या दुखण्याचे नाव ठाऊक होते, कारण ते मी गेली वीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे. म्हटले, "हा द्वंद्व समास झाला." मीठभाकर म्हणजे मीठ आणि भाकर, दोन्ही पदे शेजारी शेजारी बसतात, एकमेकांत जीव गुंतवीत नाहीत. तसे हे वटवाघूळ आणि पोस्टमन. आपल्याला हवा बहुव्रीही. 'गजानन' या शब्दात गज आहे, आनन आहे, पण अर्थ दोहोंपैकी एकाचाही नाही. तिसऱ्याच कुणाचा तरी आहे. 'नीलकंठ' म्हणजे निळेपणा नव्हे, गळाही नव्हे. दोन पदांनी हात धरून ज्या तिसऱ्याकडे बोट दाखवावे, ते पात्र. आणि गजाननाचा तो मोडका दात पाहा. व्यासांचे महाभारत लिहून घेताना त्याने स्वतःचाच दात मोडून लेखणी केली अशी कथा आहे. मूर्तीत तो दात अर्धाच असतो, आणि त्या अर्ध्या दातात अख्खी गोष्ट राहते.

ओडिया महाभारतात, पंधराव्या शतकातल्या सारळा दासांच्या रचनेत, नवगुंजर नावाचा एक प्राणी आहे. नऊ जीवांचे अवयव एकत्र आलेले. कोंबड्याचे डोके, मोराची मान, बैलाचे वशिंड, सिंहाची कंबर, नागाचे शेपूट आणि असेच आणखी. तो अर्जुनापुढे उभा राहतो आणि अर्जुन धनुष्य उचलतो. पण त्या प्राण्याचा एक पाय पाय नसतो. तो माणसाचा हात असतो. तो पाहून अर्जुन ओळखतो की हे देवाचे रूप आहे, आणि धनुष्य खाली ठेवतो. ओडिशाच्या पटचित्रांत आजही हा प्राणी काढतात. आठ अवयव गमतीसाठी म्हटले तरी चालतील, नववा अवयव मात्र कथेसाठी आहे. तो हात झाकून ठेवा, मागे नुसती जत्रा उरते.

"पण मग मी काय करू?" भाचा म्हणाला. व्याकरणाने मुलांचे पोट भरत नाही हे मला कळायला हवे होते.

मग आम्ही प्रश्न विचारायला बसलो. जियानी रोदारी नावाचा एक इटालियन लेखक होऊन गेला. आधी प्राथमिक शाळेत मास्तर, नंतर मुलांचा मोठा लेखक. 1970 चे अँडरसन पदक त्याला मिळाले होते. 1973 मध्ये त्याने कल्पनाशक्तीचे व्याकरण म्हणून एक पुस्तक लिहिले. त्यात तो सांगतो की एक शब्द गोष्ट घडवीत नाही. एकमेकांना अनोळखी असे दोन शब्द लागतात. कुत्रा आणि कपाट. आता त्यांच्यामध्ये शब्दयोगी अव्यये घालून पाहायची: कपाटावरचा कुत्रा, कपाटातला कुत्रा, कपाटासह कुत्रा. कुत्रा पाठीवर कपाट घेऊन रस्त्याने चालला, की गोष्ट सुरू झालीच! मराठी मास्तराला याचा अभिमान वाटावा. आपल्या विभक्तिप्रत्ययांना इतके मानाचे काम दुसरे कुणी दिले नसेल.

तर प्रश्न. हा पोस्टमन वाटप केव्हा करतो? रात्री. दिवसा काय करतो? उलटा टांगून झोपतो. मग झोळीतली पत्रे? "पडतील," भाचा म्हणाला, आणि त्याने झोळीचे तोंड खालून बंद करून नाडी लावली. खिशांचे पट्टे उलटे केले. टोपी हनुवटीखाली बांधली. अंधारात घर कसे सापडते? वटवाघूळ बारीक चीत्कार करते आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून वाट काढते, हे आता शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. मग पत्त्यावरची शाई त्याला काय उपयोगाची? पत्ता उठावाचा हवा. प्रत्येक दाराला वेगळ्या आकाराची पितळी पट्टी हवी. नाद वेगळा, घर वेगळे.

इथवर आलो आणि भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी चष्मा कपाळावर चढवून विचारले, "याला हात कुठून आले?"

आम्ही दोघे बघतच राहिलो. वटवाघळाचा पंख म्हणजे पाठीला चिकटवलेले काही नव्हे. तो त्याचा हातच आहे. चार बोटे काड्यांसारखी लांब वाढलेली आणि त्यांच्यामध्ये पातळ कातडे ताणलेले. अंगठा तेवढा आखूड, नखासकट मोकळा. शास्त्रात त्याच्या गणाचे ग्रीक नावच 'हात-पंख' असे आहे. म्हणजे ज्याला ते पंख असतील त्याला वेगळे हात असायचे कारण नाही. पऱ्या, देवदूत, पंखांचे घोडे, सगळ्यांना चित्रकारांनी सहा सहा अवयव वाटून टाकले आहेत आणि आजवर कुणी हिशेब मागितला नाही. "माझ्या घोड्यालासुद्धा सहा होते," भाचा हळूच म्हणाला. त्या घोड्याचे नाव त्याच्या तोंडून पाच महिन्यांनी निघाले असावे, कारण ताईने स्वयंपाकघराच्या दारातून वळून पाहिले.

त्याने हात खोडले. आणि मग, माझ्या डोळ्यांसमोर, ते चित्र जिवंत झाले. पोस्टमन दाराच्या चौकटीला पायांनी धरून उलटा लोंबकळतो आहे. एका पायाने चौकट धरली आहे, दुसऱ्या पायाच्या बोटांत पाकीट आहे. खाली उंबऱ्यावर एक म्हातारी, टाचा उंचावून, दोन्ही हात वर करून ते घेते आहे. देणारा वर आणि घेणारी खाली; पण देणाऱ्याचे तोंड तिच्या तोंडासमोर, उलटे. बातमी चांगली की वाईट, हे तो तिच्याआधी तिच्या श्वासावरून ओळखत असेल, असे ताई म्हणाली. हे आम्हां पुरुषांना सुचले नव्हते.

आमच्या धाकटीने तेवढ्यात मोबाइलवर 'वटवाघूळ पोस्टमन' असे सांगून यंत्राकडून चार चित्रे काढवून आणली. मिनिटसुद्धा लागले नाही. चारही चित्रे सुबक, छायाप्रकाश असा की हात जोडावेत. चौघांनाही पंख होते आणि हातही होते. यात यंत्राला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पहिल्या फटक्यात भाच्यानेही तेच काढले होते, आणि मी काढले असते तर बहुधा पोस्टमनशिवाय झोळी उभी राहिली असती. भाच्याने ती चारही चित्रे नीट पाहिली. "पंखांच्या शिरा चांगल्या आहेत," म्हणाला, आणि त्यांतली एक शीर आपल्या चित्रात उचलली. खुशाल, उघड.

दुसऱ्या दिवशी तिसरी चिठ्ठी काढली. निघाले, 'शनीचा चंद्र'. अक्षर प्राध्यापकांचे. मी मनात म्हटले, बुडाला आमचा पोस्टमन. झाले उलटेच.

अद्भुताचे आणि विज्ञानकथेचे पात्र यांत फरक इतकाच, की पहिल्याला एक नियम मोडायची मुभा असते, दुसऱ्याला मोडलेल्या नियमाची पावती दाखवावी लागते. आपल्याकडच्या मोठ्यात मोठ्या वटवाघळाचे पंख टोकापासून टोकापर्यंत दीड मीटरच्या आसपास, पण वजन दीड किलोच्या पलीकडे क्वचितच जाते. साठ किलोचा पोस्टमन त्या पंखांवर उडायचा कसा? नुसते सगळे मोठे करून भागत नाही. जे. बी. एस. हॉल्डेन यांनी 1926 मध्ये योग्य आकारमानावर एक निबंध लिहिला होता. (हेच हॉल्डेन 1957 मध्ये भारतात आले, इथले नागरिक झाले आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारले.) त्यात त्यांनी लहानपणीच्या पुस्तकातल्या राक्षसांचा हिशेब मांडला आहे. माणसाच्या दसपट उंच, दसपट रुंद, दसपट जाड असा राक्षस काढला तर त्याचे वजन हजारपट होते, पण हाडांच्या छेदाचे क्षेत्रफळ शंभरपटच वाढते. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस इंचावर दसपट ओझे. पहिल्याच पावलाला मांडी मोडायची. देवदूतालाही त्यांनी सोडलेले नाही. पंख हलवायला लागणारे स्नायू मावावेत म्हणून त्याची छाती चारेक फूट पुढे आलेली हवी, आणि वजन वाचवायला पाय काठ्यांसारखे! असला देवदूत कुठल्या भेटकार्डावर खपेल?

पण टायटन हा शनीचा सगळ्यांत मोठा चंद्र. 1655 मध्ये ख्रिस्तियान हायगेन्सने शोधला, आणि त्याच्याच नावाचे यान 14 जानेवारी 2005 रोजी, आपल्या संक्रांतीच्या दिवशी, तिथे उतरले. तिथे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या साधारण सातवा हिस्सा. आणि हवा मात्र आपल्यापेक्षा चौपट दाट. साठ किलोचा माणूस तिथे साडेआठ किलोच्या ओझ्यासारखा. हाताला पंख बांधले तर माणूस स्वतःच्या बळावर उडू शकेल असे ते ठिकाण! शिवाय सदैव नारिंगी धुके, उजेड बेताचा. तिथे डोळ्यांपेक्षा कानांवर जगणाऱ्याचीच चलती असणार. दाट हवेत आवाजही चांगला पोचतो. चिठ्ठ्या डोळे मिटून काढल्या होत्या, पण तिघांनी जणू आधी पत्रव्यवहार केला असावा.

अडचण थंडीची. टायटनवर शून्याखाली 179 अंश. आणि श्वासाला प्राणवायू नाही. भाच्याने झोळीचे दोन भाग केले, एकात पत्रे, एकात कोंडलेली हवा. खाकी गणवेश काढून त्याला आजीच्या साड्यांची गोधडी चढवली. पंखांचे पातळ कातडे त्या थंडीत काचेसारखे तडकेल, त्याचे काय, असे प्राध्यापकांनी विचारले.

"ते दुसऱ्या भागात," भाचा म्हणाला.

या उलट्या वाटेवर तो एकटाच नाही. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या 1974 च्या अमेरिकन खेळाचा एक कर्ता गॅरी गायगॅक्स. त्याने दुकानातून स्वस्त प्लॅस्टिकच्या विचित्र प्राण्यांची एक पिशवी आणली होती, हाँगकाँगला बनलेली. त्यांतल्या एकाच्या शेपटाला पंख्यासारखे पाते होते. हे जनावर करीत तरी काय असेल, असा प्रश्न पडला, आणि उत्तर म्हणून लोखंडाला गंज चढवून ते खाणारा राक्षस जन्माला आला. तलवार घेऊन मिरवणाऱ्या वीरांना भाल्यापेक्षा त्याचीच धास्ती. रवींद्रनाथांचे तर काय सांगावे! 1924 मध्ये अर्जेंटिनात मुक्काम असताना 'पूरबी'च्या हस्तलिखितातले खोडलेले शब्द ते रेषांनी एकमेकांना जोडीत, आणि त्या खाडाखोडीतून चोची, नखे, शेपट्या असलेले नाव नसलेले प्राणी बाहेर येत. 1930 मध्ये पॅरिसला त्यांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन भरले तेव्हा ते एकोणसत्तर वर्षांचे होते. माझ्या वर्गातल्या खाडाखोड करणाऱ्या मुलांना मी तेव्हापासून रागावणे कमी केले आहे. बंद केलेले नाही.

भाऊबीजेच्या रात्री चित्र पुरे झाले. सावंतवाडीच्या गंजिफ्यांसारखे त्याने ते गोल काढले, बाहेरून शनीच्या कड्याची चौकट. मी एक परीक्षा घेतली: चित्र खिडकीच्या काचेवर ठेवून मागून दिवा धरला आणि फक्त काळी आकृती पाहिली. पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्या पडद्यावर अशाच ओळखू येतात. ताईची पाच वर्षांची नात समोरून ओरडली, "उलटा पत्रवाला!" पास.

सकाळी ती मंडळी निघाली. पिशव्या दाराशी आल्या. त्या स्पर्धेचा यंदाचा अर्ज ताईच्या पर्समध्ये घडी घालून ठेवलेला होता. तिने तो मला दाखवला आणि परत ठेवला, त्याला काही म्हणाली नाही. तेवढ्यात भाचा आत आला आणि सुपारीचा डबा मागितला. "तिथं नेतो. म्हणतो, तुम्हीच चिठ्ठ्या काढा." चालू देतील की नाही देव जाणे.

"अजून एक काढून जा," मी म्हटले. त्याने उभ्या उभ्या दोन चिठ्ठ्या काढल्या. 'गोगलगाय'. दुसरी उघडून तो हसायलाच लागला आणि ती ताईपुढे धरली. अक्षर तिचेच होते: 'परीक्षक'.

रिक्षा बाहेर भोंगा वाजवीत होती. तो उंबऱ्यावर बसला, पिशवीतून डबा काढला, पेन्सिल काढली.

"मामा, गोगलगाईला डोळे कुठं असतात?"

"शिंगांच्या टोकाला. आणि बोट लावलं की आत जातात."

"मग जमेल त्यांना," तो म्हणाला, आणि खाली मान घालून काढू लागला.